माळ्यावरची अडगळ आणि आपला मुलूख

यंदाच्या वर्धापनदिनापूर्वी आपल्या मंडळाने घरोघरचे माळे रिकामे करण्याचा उपक्रम हाती घेतला, हे सर्व भगिनींना ठाऊकच आहे. त्या सभेत एका वयस्क सभासदबाईंनी प्रश्न केला, "काढू की सगळं खाली, पण नेणार कोण?" त्यावर हशा पिकला आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा त्याच प्रश्नाचा मागोवा घ्यावा असे मनाने घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वाचनाची आवड आहे आणि जुन्या बायकांजवळ बसून ऐकण्याची त्याहून अधिक. जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांत घरातील नको झालेली वस्तू पूर्वी कोण नेत असे, ती कोठे जात असे, आणि तो रस्ता कसा बंद पडला, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी अडगळ नव्हती असे कोणी समजू नये. फुटके सूप, तुटकी शिंकी, एका कानाची कढई त्यांच्याही घरी होती. पण वस्तू बाहेर काढण्याचे दिवस ठरलेले असत. घट बसण्यापूर्वीचा पंधरवडा आठवून पाहा. घरातील यच्चयावत गोधड्या, वाकळा, घोंगड्या बाहेर निघत आणि कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या काठी खडकांवर वाळत पडत. भिंतींना पांढऱ्या मातीचा हात फिरे, जमीन सारवली जाई, आणि या निमित्ताने उतरंडीतील प्रत्येक मडके खाली येई. गळके असेल ते पुन्हा वर चढत नसे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहावयाचे, हे तर अजूनही आपण करतो. त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, स्त्रियांनी सुपे वाजवून घरातून अलक्ष्मीला बाहेर घालवावे असे धर्मसिंधूसारख्या ग्रंथात सांगितले आहे. म्हणजे नको ते घराबाहेर काढणे हे काम शास्त्राने देखील बायकांकडेच सोपविले होते, आणि तेही गाजावाजा करून! पुरुषमंडळी त्या वेळी झोपलेलीच असावीत.

आता लुगड्याचे उदाहरण घेऊ. नऊवारी लुगडे नवे असे तेव्हा लग्नाकार्याला, मग सणाला, मग रोजच्या कामाला. जीर्ण झाले की त्याची दोन धडोती निघत. मऊ पडलेल्या भागाची बाळाची दुपटी आणि लंगोट होत. उरलेले गोधडीत जाई. आमच्या आजेसासूबाईंची एक गोधडी होती. तिच्यातील प्रत्येक थर कोणाच्या लुगड्याचा हे त्या बोट ठेवून सांगत. गोधडीही विरली की तिचे पोतेरे, आणि पोतेऱ्याच्याही चिंध्या झाल्या की दिव्याचा काकडा. चुलीतील राख भांड्यांना, तीच पुढे उकिरड्यावर आणि उकिरडा शेतात. सुती कापड होते म्हणून हे सर्व घडत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

जे घरात जिरत नसे ते बोहारीण नेई. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारात येऊन बसली की आळीतल्या चारचौघी भोवती जमत. एका पातेल्याला किती कपडे, यावर घटकाभर घासाघीस होई. ती प्रत्येक कापड उजेडात धरून पाही, कोठे विरले आहे ते दाखवी. आपण म्हणावे "जर तर पाहा!" आणि तिने म्हणावे "जर काय खायचा, बाई?" शेवटी एक वाटी वरती मागून घेतल्याशिवाय कोणी उठत नसे. लोक बोहारणीची थट्टा करतात. पण आपल्या घरातले जुनेर धुऊन, शिवून, पुन्हा अंगावर घालण्याजोगे करून जुन्या बाजारात नेणारी तीच होती. आपण टाकलेल्या कपड्यावर आणखी एक घर पांघरले जाई, ते तिच्या पायपिटीमुळे.

भांड्यांची गोष्ट याहून जुनी आहे, आणि तिचा पुरावा तर आपल्या जुन्नरच्या डोंगरातच कोरलेला आहे. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांपैकी एकात बांबूचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कासाकारांच्या, म्हणजे काशाची भांडी घडविणाऱ्यांच्या श्रेणीकडे धर्मकार्यासाठी पैसा ठेवल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे त्या त्या धंद्यातील लोकांचा संघ. लोक विश्वासाने पैसा ठेवीत, इतकी या कासारांची तेव्हा पत होती. सूप-टोपली विणणारे आणि भांडे घडविणारे, हे दोघेही त्या एकाच लेखात शेजारी शेजारी आहेत, हे वाचून मला फार गंमत वाटली. आपल्या स्वयंपाकघरातही ते शेजारीच असत.

कासाराकडे जुने भांडे नेले की ते वजनावर मोडीत घेऊन तो नवे देई. आजही तांब्या-पितळेला मोड येते; म्हणूनच पितळेचा हंडा कोणाच्या माळ्यावर पडून राहत नाही. पडून राहते ते आहेरातील स्टीलचे. आणि खण-ब्लाऊजपिसांचे तर विचारूच नका. ओटीत आलेले पीस दुसरीच्या ओटीत, तिथून तिसरीच्या. एखादे पीस ओतूरहून निघून मंचर-घोडेगाव करून पुन्हा ओतूरला आले असेल तर नवल नाही. शिवून अंगात घालण्यासाठी ते असतात हेच आपण विसरलो आहोत.

दान देण्याविषयी बोलावयाचे तर नाणेघाटाचे नाव घेतलेच पाहिजे. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिच्या काळचा मोठा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांच्या वेळी दिलेल्या दक्षिणेची ती यादी आहे: गायी, हत्ती, घोडे, रुप्याचे घट, वस्त्रे, कार्षापण नावाची नाणी. राजघराण्याची गोष्ट निराळी, हे मान्य. तरी आपल्या तालुक्यातील सर्वांत जुना मोठा लेख हा घरातून काय बाहेर गेले याचा हिशेब आहे, आणि त्यात एका स्त्रीचे नाव आहे, ही गोष्ट सर्व भगिनींना माहीत असावी.

आता ज्या धंद्याने जुन्नरचे नाव दूरवर नेले त्या कागदाकडे येते. जुन्नरी कागद हा एके काळी मोठ्या लौकिकाचा होता. हिशेबाच्या वह्या, पत्रे, जमिनीचे कागद, कुंडल्या यांसाठी तो वापरीत. हा कागद झाडांपासून नव्हे, तर चिंध्यांपासून आणि जुन्या गोणपाटांपासून होई! तो करणारे मुसलमान कारागीर. त्यांना कागदीच म्हणत. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे. तेथील कागद्यांचे पूर्वज जुन्नर आणि नाशिककडून आले, असे १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे.

कृती मोठी कष्टाची. फाटके गोणपाट भिजवून त्याचे तुकडे करावयाचे, ते मोठ्या ढेकीखाली कुटावयाचे, नदीवर नेऊन धुवावयाचे, चुना आणि पापडखार घालून मुरवावयाचे, पुन्हा कुटावयाचे, पुन्हा धुवावयाचे. असे बरेच दिवस चाले. मग तो लगदा पाण्याच्या हौदात कालवीत. हौदाच्या काठाशी बसून कारागीर बारीक काड्यांची चाळण पाण्यात बुडवून अलगद वर उचली. तिच्यावर जो पातळ थर बसे तोच कागद. ते ताव एकावर एक रचून पाणी निथळवीत, मग गुळगुळीत भिंतीला चिकटवून वाळवीत. वाळल्यावर खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटून त्याला चकाकी आणीत. पापड लाटून, वाळवून, डब्यात भरेपर्यंत आपला जीव मेटाकुटीस येतो. येथे तर सुरुवात धान्याच्या फाटक्या पोत्यापासून करावयाची होती.

ज्या पोत्यातून शेतकऱ्याने दाणे बाजारात आणले, ते फाटल्यावर त्याचाच कागद व्हावा, आणि त्या कागदावर त्याच शेतकऱ्याच्या जमिनीचा व्यवहार लिहिला जावा, असा हा फेरा होता. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसत गेला. पुढे गांधीजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योगांना पुन्हा चालना मिळाली, तेव्हा १९४० साली पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था निघाली. तिच्यामुळे ही विद्या पुण्यात टिकली. जुन्नरात मात्र चिंध्या मागत येणारे कोणी उरले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या भागातील अडगळीचा खरा इतिहास येथून सुरू होतो. वस्तू तीच, तिला घेऊन जाणारा हात तेवढा गेला.

घरातील वस्तू सोडून देण्याचा आणखी एक प्रकार आपल्या देशाने पाहिला, तो विलायती कापडाच्या होळीचा. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात स्वदेशीच्या चळवळीत परदेशी कापडाची होळी झाली. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईला परळ येथे गांधीजींच्या हस्ते फार मोठी होळी पेटली. लोकांनी अंगावरचे कोट-टोप्यादेखील त्यात टाकले. त्या वेळी रवींद्रनाथ टागोरांनी मात्र हरकत घेतली. ज्या देशात लोकांना अंगभर वस्त्र नाही तेथे कापड जाळण्याचा आपल्याला काय अधिकार, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. गांधीजींचे उत्तर असे की, जे आपण लाजेचे म्हणून टाकतो ते गरिबाला देणे हा त्याचा अपमान आहे. दोघेही थोर. माझ्यासारख्या बाईने त्यांच्यात न्याय करावा हे शोभणार नाही. पण सासूबाईंच्या पेटीतील जुने पातळ हातात घेऊन "हे कोणाला द्यावे की जाळून टाकावे" असा विचार करीत बसलेल्या कोणाही बाईला हा वाद परका वाटणार नाही. विटके, फाटके, डाग पडलेले कापड कामवालीच्या हातावर ठेवून आपण दानाचे पुण्य पदरात पाडून घेतो, तेव्हा गांधीजींचे म्हणणे मला अधिक पटते. धड असेल ते द्यावे.

या चळवळीत प्राण देणारा तरुण आपल्याच तालुक्यातला. बाबू गेनू सैद यांचा जन्म १९०८ साली आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावी झाला. पोटासाठी ते मुंबईस गेले आणि गिरणीत कामाला लागले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापड घेऊन जाणारी मोटारलॉरी अडविण्यासाठी ते पुढे झाले आणि लॉरी त्यांच्या अंगावरून गेली. वय अवघे बावीस. ज्याच्या घरी कापडाची रास कधी नव्हती अशा मुलाने कापडासाठी जीव दिला.

त्यांचेच नाव डिंभे धरणाच्या जलाशयाला दिले आहे: हुतात्मा बाबू गेनू सागर. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांनी आपल्या दोन्ही तालुक्यांचे रूप पालटले. आज बागायत दिसते, द्राक्षे, ऊस, टोमॅटो दिसतो, तो या पाण्यावर. पण घोड नदीवरील डिंभे धरणात ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते आंबेगावच पाण्याखाली गेले. तालुक्याचे नाव आंबेगाव आणि कचेरी घोडेगावला, याचे नव्या सुनांना कोडे पडते. मूळ गाव आता उन्हाळ्यात पाणी ओसरले की जोत्यांच्या रूपाने दिसते.

आमच्या शेजारच्या एका वहिनींचे माहेर या धरणात गेले. माळे रिकामे करण्याची गोष्ट निघाली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले असता आपण होऊन सांगू लागल्या. पाणी येणार हे वर्षानुवर्षे ऐकत होतो, त्यामुळे ते खरेच येईल असे कोणाला वाटत नव्हते, असे त्या म्हणाल्या. मग एका उन्हाळ्यात घर उतरविले. कौले काढली, तुळया काढल्या, दारे चौकटीसकट उपटली. बांबूची कणगी दारातून निघेना, म्हणून ती कापून सरपणाला घेतली. जमिनीत पुरलेले उखळ तसेच राहिले. जात्याच्या दोन्ही तळ्या एकदम उचलणे जमेना, तेव्हा वरची तळी डोक्यावर घेऊन त्यांची आई वर डोंगराकडच्या नव्या जागेवर गेली. खालची दुसऱ्या दिवशी आणू म्हणून ठेवली, ती राहिलीच. एक तळी घेऊन दळण काय करणार? पण आईने ती टाकली नाही. मरेपर्यंत ती दारापाशी उताणी पडलेली असे आणि तिच्यात कोंबड्यांना पाणी ठेवीत. भाताचे, नागलीचे आणि वरईचे बियाणे मात्र गाठोडी बांधून पहिल्याच फेरीत नेले होते.

मी त्यांना विचारले, "तुमच्या माळ्यावर मग काहीच नसेल?" त्या म्हणाल्या, "माझ्या माळ्यावर सगळ्यांत जास्त आहे. मला पेपरची रद्दीसुद्धा घालवत नाही." ज्यांच्या हातून एकदा सारे गेले आहे त्यांना 'सोडून द्या' म्हणणे सोपे नाही. आपल्या उपक्रमात ज्या घरांनी भाग घेतला नाही त्यांच्याविषयी कोणी वाकडे बोलू नये, असे मला वाटते.

आता सभेतील त्या प्रश्नाकडे येते. आज नेणारा कोण? भंगारवाला लोखंड, पत्रा, पितळ नेतो. रद्दीवाला कागद, पुठ्ठा नेतो. बोहारीण अजून येते, पण क्वचित, आणि तिलाही धड कपडाच हवा असतो. गादी, फुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, बंद पडलेले मिक्सर यांना कोणी वाली नाही. सर्वांत मोठी पंचाईत कापडाची. टेरिलीन, नायलॉन घरात आले तेव्हा धुवायला सोपे, इस्त्रीची कटकट नाही, म्हणून आपण त्यांचे कौतुक केले, आणि ते खोटेही नव्हते. परंतु त्यांची गोधडी घामट होते, पोतेरे पाणी टिपत नाही, काकडा जळण्याऐवजी वितळतो, आणि उकिरड्यावर टाकले तर वर्षानुवर्षे कुजत नाही. नऊवारी सुती लुगड्याला सहा जन्म होते. आजच्या साडीला एकच आहे. मग ती माळ्यावर जाते. हा दोष एकट्या गृहिणीच्या आळसाचा नव्हे. वर्तमानपत्रांतून अडगळीबद्दल जे उपदेश छापून येतात त्यांत हे कोणी लिहीत नाही.

एका बाबतीत मात्र घाई करू नये, आणि ती म्हणजे जुने कागद. शेजारच्या वहिनींच्या वडिलांनी घर उतरविण्याच्या आधी कागदांचा रुमाल काढून कमरेला बांधला होता. जमीन आपली होती हे दाखविल्याशिवाय मोबदल्याचे नाव नव्हते. आपल्यापैकी पुष्कळ घरांत असा एखादा रुमाल आहे. त्यात मोडी लिपीतले जाडसर, पिवळट कागद असतात. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत किलोच्या भावाने जातात. कोण जाणे, त्यांतले काही आपल्याच गावच्या जुन्नरी कागदावर लिहिलेले असतील! इतिहासाचार्य वि. का. राजवाडे असे कागद मिळविण्यासाठी गावोगाव हिंडले. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पुढे असे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेथे असे लाखो कागद सांभाळून ठेवले आहेत. हे सर्व कोणाच्या तरी माळ्यावरूनच खाली आलेले आहेत.

मोडीत घालावयाच्या भांड्यांचेही तसेच आहे. त्यांच्या काठावर नाव घातलेले असते: कोणी दिले, कोणाला दिले, लग्नाची तारीख. पुष्कळ बायकांचे माहेरचे नाव आज घरात फक्त त्या पातेल्यावर उरले आहे. तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीने असे ठरविले आहे की, कार्यालयातील कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून तेथे एक जाड वही ठेवावयाची. ज्या भगिनी भांडी मोडीत देणार असतील त्यांनी काठावरचा मजकूर त्या वहीत आधी उतरवून घ्यावा. मोडी कागदांचे रुमाल रद्दीला न देता कार्यालयात दाखवावेत; ते मंडळ ठेवून घेणार नाही, वाचून झाल्यावर ज्याचे त्याला परत मिळतील. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी येण्यास कबूल झाले आहेत. रुमाल सोडताना कागद ओले करू नयेत आणि उन्हात वाळत घालू नयेत, एवढे त्यांनी आवर्जून सांगितले आहे.